ट्रॅकवर गाडी तापते? कूलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी वीसेक वर्षं जुनी, दीड लिटर पेट्रोलची, टर्बो नसलेली सेदान. पुण्याहून अकराशे-बाराशे किलोमीटर चालवत ती मी पहिल्यांदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली, तेव्हा अख्ख्या प्रवासात काटा जागचा हलला नव्हता. ट्रॅकवर चौथ्या लॅपला तो लाल रेषेला टेकला. त्यानंतर दोन-तीन वर्षं त्या गाडीच्या नाकात डोकं घालण्यात गेली. आता ओळखीपाळखीतून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

खंबाटकी काय, ताम्हिणी काय, घाटात कधी तापली नाही. मग ट्रॅकवरच का?

कारण घाटात आपल्याला वाटतं तेवढं आपण इंजिन पिळत नाही. पुढे ट्रक येतो, वळण येतं, आपण पाय उचलतो. सपाट सरळ रस्त्यावर नव्वदच्या वेगाने गाडी ढकलायला पंधराएक किलोवॅट पुरतात. शंभर हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण दाबलं की त्यातून साधारण 75 किलोवॅट निघतात. पेट्रोलमधल्या उष्णतेचे ढोबळ तीन वाटे धरा: एक कामाला येतो, एक सायलेन्सरमधून जातो आणि एक कूलंटच्या, म्हणजे इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या, गळ्यात पडतो. म्हणजे पूर्ण पाय दाबलेला असताना रेडिएटरला पन्नास-साठ किलोवॅट बाहेर फेकायचे असतात. घरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो. असे पंचवीस-तीस गीझर एकदम चालू आहेत आणि ते सगळं गरम पाणी तुमच्या बंपरमागच्या त्या जाळीतून गार व्हायचंय.

इरुंगट्टुकोट्टईचा लॅप 3.717 किलोमीटरचा, बारा वळणांचा. वीस मिनिटांच्या सत्रात इंजिनला दम खायला जागाच मिळत नाही. वर चेन्नईची हवा. बाहेर 25 अंश असताना जो रेडिएटर पुरतो, तो 38 अंशांत पुरेलच असं नाही, कारण गार करण्याची ताकद कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. हवा तेरा अंशांनी वाढली की कूलंटही जवळजवळ तेवढंच वर सरकतं.

किती तापमान म्हणजे काळजीचं?

कूलंट 85 ते 100 अंश असेल तर गाडी मजेत आहे. 105 ला मी डोळा ठेवतो, 110 ला पाय उचलतो, 115 दिसले की सत्र संपलं. तेलाचा हिशेब वेगळा. चांगलं सिंथेटिक तेल 120-130 अंशांना कुरकुर करत नाही, 140 च्या पुढे मात्र मला झोप लागत नाही.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम बधिर केलेला असतो, म्हणजे ऐंशीपासून जवळपास एकशे दहापर्यंत काटा मध्यावर गप्प बसतो, मग एकदम उठतो. तो उठेपर्यंत उशीर झालेला असतो. नव्या गाड्यांत ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीची तपासणी करायच्या सॉकेटला, छोटा स्कॅनर लावून फोनवर खरा आकडा बघता येतो. जुन्या गाडीत वरच्या होस पाईपमध्ये अॅडॅप्टर टाकून वेगळा गेज बसवा.

एक गोष्ट मी स्वतः भोगून शिकलो. त्या पहिल्या दिवशी लाल रेषेला टेकलेला काटा पाचव्या लॅपला झरकन खाली आला. मला वाटलं, चला, वारा लागला, गार झाली. प्रत्यक्षात होस पाईपाच्या क्लॅम्पमधून पाणी निघून गेलं होतं आणि सेन्सर कोरड्या हवेत लटकत होता. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच त्याचं ऐका. वाढलेला काटा काहीच कारण नसताना पडला, तर गाडी बाजूला घेऊन ताबडतोब बंद करा.

सगळ्यात आधी मोठा अॅल्युमिनियम रेडिएटर घ्यायचा ना?

नाही. सगळ्यात आधी बंपर उतरवायचा.

माझ्या गाडीचा उतरवला तेव्हा पुढून एसीचा कंडेन्सर बरा दिसत होता. त्याच्या मागे रेडिएटर, आणि दोघांच्या मध्ये दोन बोटांची फट. टॉर्च मारून बघितलं तर त्या फटीत घोंगडी विणलेली होती. म्हणजे खरंच घोंगडी. बाभळीचा पाला, पंख, माती, रस्त्यावरचा कापूस, एक गुटख्याची पुडी, सगळं वर्षानुवर्षं दाबून नमद्यासारखं झालेलं. रेडिएटरचा खालचा एक तृतीयांश भाग त्यामागे बुजलेला. सर्व्हिसिंगमध्ये पुढून पाण्याचा फवारा मारत होते, त्यामुळे कचरा कंडेन्सरमधून पार होऊन मागे आणखी घट्ट बसत होता. ती घोंगडी काढली एवढ्यावर गाडी शहरात पुन्हा पहिल्यासारखी झाली.

मग कंपनीचंच सामान नीट करा. रेडिएटरची कॅप नवी घ्या. रबर कडक झालेली कॅप प्रेशर धरत नाही आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. दोन्ही मोठे होस दाबून बघा. खालचा होस पंपाच्या ओढीने वरच्या आरपीएमला चपटा होऊ शकतो, आत स्प्रिंग असेल तर गंजून गेली नाही ना ते पाहा. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर असेल तर बेल्टसोबतच बदला. आणि सिस्टीममधली हवा काढा: गाडीचं नाक उंचावर, हीटर पूर्ण गरमवर, हवा सोडायचा ब्लीडचा स्क्रू असेल तर तो सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत. अर्ध्या तासाचं कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच गॅरेजात ते अर्धवट होतं.

एक ढोबळ खूण सांगतो. सिग्नलला तापते आणि हायवेला बरी होते, तर फॅन बघा. उलट, सिग्नलला बरी आणि वेगात तापते, तर रेडिएटर चोंदलाय, पाणी कमी फिरतंय किंवा हवा पोचत नाहीये.

हवा पोचत नाही म्हणजे काय? समोर एवढी ग्रिल आहे की.

या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा. ट्रॅकवरचं तापणं मुख्यतः हवेचं दुखणं असतं आणि आपण पाण्यावर उपचार करत बसतो.

हवा आळशी असते. समोर रेडिएटरची दाट जाळी आणि शेजारी मोकळी फट असेल तर ती फटीतूनच जाणार. बंपर काढलेला असताना रेडिएटरच्या चारही बाजूंना हात घालून बघा. माझ्या गाडीत दोन्ही अंगांना चार बोटं सहज जात होती. खाली तर वीतभर उघडं. म्हणजे ग्रिलमधून आलेली बरीचशी हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जात होती. कंपनीने दिलेली प्लास्टिकची पाखं कधीच्या काळी एका अपघातानंतर कुणीतरी परत बसवलीच नव्हती.

यावर उपाय स्वस्त आहे. फ्लेक्सवाल्याकडे मिळतो तो पाच मिलिमीटरचा सनबोर्ड घ्या. आधी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे साचे कापा, ते बसले की त्यावरून सनबोर्ड कापा. बंपरच्या तोंडापासून थेट रेडिएटरच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी बोगदा झाला पाहिजे. जोडांवर दाट फोमची पट्टी, बांधायला झिप टाय. एक्झॉस्ट जवळ असेल तिथे सनबोर्ड वितळतो, तिथे पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा वापरा. बोगदा नीट बंद असेल तर समोरचं तोंड रेडिएटरच्या निम्म्याहून लहान असलं तरी चालतं, आणि बोगदाच नसेल तर मोठ्ठी ग्रिलही शोभेची. एका रविवारचं काम, हजार रुपयांच्या आत. त्याच ट्रॅकवर, साधारण तशाच हवेत, माझ्या गाडीचा आकडा 114 वरून 107 वर आला. पुढे महागडा रेडिएटर बसवला, त्याने एवढा फरक पडला नाही.

आता दुसरी बाजू. आत आलेली हवा बाहेरही गेली पाहिजे. ती इंजिनखालून निघते. इंजिनखालचं प्लास्टिक ऑइल बदलताना काढून ‘कशाला पाहिजे, परत काढावंच लागतं’ म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकलेलं असतं. ते परत लावा. ते नसेल तर बंपरखालून घुसलेली हवा इंजिनच्या खोलीत दाब वाढवते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेलाच अडवते.

बॉनेटला मागून वॉशर टाकून उचललं तर गरम हवा निघून जाईल का?

दिसायला छान दिसतं. पण वेगात असताना पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, म्हणून तर केबिनमधल्या ताज्या हवेची जाळी गाडीवाले तिथे देतात. तिथे फट ठेवलीत तर हवा निघण्याऐवजी आत शिरू शकते. उभ्या गाडीत मात्र तिथून गरम हवा निघते, त्यामुळे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, हात लावून ‘बघ, फरक पडला’ असं वाटतं.

कमी दाबाची जागा बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या जरा मागे असते. झरोके पाडायचे तर तिथे. पत्रा कापण्याआधी बॉनेटवर लोकरीचे बोटभर धागे चिकटपट्टीने लावा, मित्राला शेजारच्या गाडीतून मोबाइलवर शूट करायला सांगा, अर्थात बंद ट्रॅकवर. धागे कुठे सपाट झोपतात आणि कुठे फडफडतात त्यावरून बरंच कळतं. आणि हो, पावसाळ्यात त्या झरोक्यांतून पाणी थेट इंजिनवर पडतं. रोजची गाडी असेल तर खाली पन्हाळीची सोय हवी.

ठीक आहे, हे सगळं केलं. आता तरी रेडिएटर घेऊ?

घ्या. पण जाडीला भुलू नका. कंपनीचा कोअर, म्हणजे नळ्यांची जाळी, बऱ्याच लहान गाड्यांत 16 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि बाजारात 50 मिलिमीटरपर्यंतचे मिळतात. जाड कोअरमध्ये मागच्या नळ्यांना पुढच्या नळ्यांनी आधीच तापवलेली हवा मिळते, शिवाय हवा ढकलायला जास्त दाब लागतो. जाडी वाढवण्यापेक्षा रुंदी-उंची वाढवणं केव्हाही सरस. पुष्कळ छोट्या गाड्यांना पुढच्या जागेच्या अर्ध्याच रुंदीचा रेडिएटर असतो. तिथे पूर्ण रुंदीचा, 30-35 मिलिमीटरचा बसला तर त्याहून जास्त काही लागत नाही.

तांबं-पितळ उष्णता छान वाहतं आणि कुठलाही जुना रेडिएटरवाला ते डाग देऊन दुरुस्त करतो. अॅल्युमिनियम हलकं, नळ्या रुंद करता येतात, पण फुटलं तर टिग वेल्डिंगवाला शोधा. कंपनीच्या रेडिएटरला वरखाली किंवा आजूबाजूला प्लास्टिकच्या टाक्या असतात. जुन्या झाल्या की त्या पत्र्याच्या मुडपीपाशी तडकतात आणि तडकायला नेमका ट्रॅकचाच दिवस निवडतात. बसवताना खालच्या-वरच्या रबरांशिवाय बसवू नका. थेट पत्र्यावर आवळलेला अॅल्युमिनियमचा रेडिएटर आपल्या रस्त्यांवर वर्षभरात वेल्डिंगपाशी चिरतो.

आमचे मिस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट काढून टाका.

सगळ्यांचेच मिस्त्री म्हणतात. माझ्याही गाडीतला मला न विचारता काढून टाकला होता.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतला दरवाजा. साधारण ऐंशीच्या आसपास उघडायला लागतो, नव्वदला पूर्ण उघडतो. गाडी 112 वर तापत असेल तर दरवाजा सताड उघडाच आहे, तो काढून मिळणार काय? अनेक इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची छोटी वाट बंदही करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटरला न जाताच गोल फिरत राहतं. शिवाय सकाळी इंजिन तासभर थंड राहतं, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं अजून वॉर्मअप चालू आहे, पेट्रोल जास्त सोडतो, आणि सिलिंडरची झीज होते. अडकतो असा संशय असेल तर चहाच्या पातेल्यात पाणी उकळवून त्यात दोऱ्याला बांधून सोडा. उघडला तर ठीक, नाहीतर नवा घ्या.

कमी तापमानाचा थर्मोस्टॅटही जादू नाही. गाडी थोड्या कमी आकड्यावरून सुरुवात करते, म्हणून लाल रेषेला दोन लॅप उशिरा पोचते. पोचते मात्र नक्की.

आणि ‘पाणी फार जोरात फिरलं तर त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही’ हे विसरा. तेच पाणी पुन्हा-पुन्हा येतं. जोरात फिरलं तर फायदाच आहे.

कूलंट घालू की साधं पाणी?

उष्णता वाहून न्यायला पाण्याइतकं चांगलं काही नाही. निम्मं ग्लायकॉल घातलं की तेवढ्याच लिटरमागे क्षमता पंधराएक टक्क्यांनी घटते. पण ग्लायकॉलमुळे उकळायचा बिंदू वर जातो, आणि कूलंटमधली रसायनं गंज रोखतात. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, म्हणून ट्रॅकच्या गाडीत लोक डिस्टिल्ड पाणी आणि वॉटर वेटर (पाण्यात मिसळायचं एक रसायन) किंवा गंजरोधक असं मिश्रण वापरतात. मोटरस्पोर्टमध्ये बऱ्याच ठिकाणी ग्लायकॉलला मनाईच असते, कारण ते ट्रॅकवर सांडलं की चटकन वाळत नाही आणि मागून येणारा घसरतो. नोंदणीच्या कागदात बघून घ्या.

रोज वापरायची गाडी असेल तर तयार कूलंटच बरं. बोअरचं पाणी मात्र कधीच नाही. बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर दिसतो, तोच सिलिंडरभोवती बसतो. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं, ते घ्या.

जास्त प्रेशरची कॅप लावली तर?

गाडी एका अंशानेही गार होत नाही, फक्त उकळी उशिरा येते. 1.1 बारच्या कॅपखाली साधं पाणी साधारण 121 अंशांना उकळतं. यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, जिथे धातू सगळ्यात तापलेला असतो, तिथे वाफेचे बुडबुडे कमी होतात, हा खरा फायदा. पण जुन्या होसना आणि डॅशबोर्डमागच्या हीटरच्या कोअरला तो दाब झेपला पाहिजे. हीटर कोअर फुटला की उकळतं पाणी पायांवर येतं. मी 1.1 वर थांबलो.

मोठा फॅन?

पिटमध्ये आणि सिग्नलला उपयोगी. साठच्या पुढे गाडीचा वाराच फॅनला भारी पडतो. उलट रेडिएटरची अख्खी पाठ झाकणारा पत्रा वेगात हवा अडवतो. असा बसवला असेल तर त्यात रबरी पडद्यांची भोकं ठेवा, वेगात ती आपोआप उघडतात.

एसी काढून टाकू?

गाडी फक्त ट्रॅकची असेल तर कंडेन्सर काढा, फरक दिसेल. घरच्यांना त्याच गाडीतून मे महिन्यात लग्नाला न्यायचं असेल तर काढू नका. सत्रात एसी बंद ठेवा, दोन्ही जाळ्यांमधली फट साफ ठेवा.

ऑइल कूलर लागतोच का?

तेलाचं तापमान मोजल्याशिवाय उत्तर नाही. माझ्या गाडीत कूलंट आटोक्यात आलं तेव्हा कळलं की तेल 138 ला जातंय. पिस्टनखालची आणि बेअरिंगची उष्णता तेलच वाहतं. ते फार पातळ झालं की वळणात प्रेशर पडतं, आणि बेअरिंग गेलं की खर्च रेडिएटरच्या कित्येक पट.

कूलर लावायचा तर ऑइल फिल्टरखाली बसणारी थर्मोस्टॅटवाली प्लेट घ्या, नाहीतर थंडीत तेल गरमच होणार नाही. रेडिएटरच्या अगदी तोंडापुढे लावू नका, तेलाची उष्णता तिथून रेडिएटरच्या पोटात जाते. फॉग लॅम्पच्या जागेमागे, स्वतःच्या बोगद्यासह, ही चांगली जागा. पाईप कुठे घासतोय का हे प्रत्येक सत्रानंतर हाताने चाचपा. घासून भोक पडलं तर तेल एक्झॉस्टवर जातं आणि आग लागते, टायरवर गेलं तर तुम्ही भिंतीत. कूलर लावणाऱ्यांतले निम्मे हे तपासत नाहीत.

टर्बोवाल्यांनी इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीकडे, बघावं, तोही त्याच हवेतला वाटेकरी असतो. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स इंजिनच्या आधी हात वर करतो. आणि ब्रेक फ्लुइड नवं भरा. नव्या डॉट 4 प्रतीच्या फ्लुइडचा उकळबिंदू किमान 230 अंश असतो, ओलावा प्यालेल्याचा 155 पर्यंत येतो. इंजिन तापलं तर गाडी थांबते, ब्रेक उकळले तर थांबत नाही.

हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय हे कसं ओळखू?

थंड इंजिनवर कॅप काढून स्टार्ट करा. हवा काढून झालेली असतानाही बुडबुडे येतच राहिले तर लक्षण वाईट. रात्रभर उभी राहूनही सकाळी वरचा होस टणक असेल तर आणखी वाईट. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर मिळतो. त्यातलं निळं द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरायचं, पिवळं पडलं तर जळलेला वायू पाण्यात येतोय. अशा गाडीला नवा रेडिएटर घालणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीला सोन्याचा मुलामा.

विमा, वॉरंटी?

आपल्याकडच्या साध्या मोटर पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर जे होईल ते तुमच्या खिशातून. वॉरंटीत असलेल्या गाडीत काही कापण्याआधी पुस्तिका वाचा.

सत्र चालू आहे आणि आकडा 112 दिसतोय. त्या क्षणी काय करू?

पुढच्याच्या शेपटीमागून बाजूला व्हा, त्याच्या मागे तुम्हाला त्याची गरम आणि घुसळलेली हवा मिळतेय. एक गिअर वर टाका, आरपीएम तीन हजारांच्या आसपास, पाय हलका. थांबू नका, वारा लागू द्या. तरी उतरत नसेल तर काचा उघडून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल्ल. तो एक छोटा रेडिएटरच आहे. घामाने निथळाल, पण तीन-चार अंश उतरतात. एक लॅप असा काढून पिटमध्ये या.

आल्याआल्या बंद करू नका. बॉनेट उघडा, फॅन चालू असू दे, दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा. बंद केलं की पाणी थांबतं आणि हेडमधली उष्णता तिथेच साठते. पाणी सांडत असेल किंवा वाफ दिसत असेल तरच लगेच बंद. हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. चाकाला वीट लावा.

आणि कॅपला हात लावायचा नाही. शेजारचा माणूस ओला फडका घेऊन ‘जरा सैल करतो फक्त’ म्हणत येईल. त्याला चहा प्यायला पाठवा. वरचा होस चिमटीत सहज दबेल इतका गार झाल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने, तुम्ही स्वतः उघडा. आधी पहिल्या खाचेपर्यंतच.